एका बाइटने

शिंजी तलावावर धुकं असलं की
सोसायटीच्या खिडकीतून फक्त दांडे दिसतात,
दाताळ्यांचे, लांबलचक, तिरपे.
खाली होडी आहे, माणूस आहे, हे आपण समजून घ्यायचं.
शिंपल्या इथल्या काळ्या, नखाएवढ्या.
होडीमागे रोज दोन क्रेट, वर एक मूठ नाही.
हा हिशेब माझ्याकडे.

दोनशे एक्क्याऐंशी होड्या एका जेसन फाइलमध्ये राहतात.
महिरपी कंसात प्रत्येकीचं बिऱ्हाड:
नंबर, नाव, क्रेट, खातं, चालू आहे की नाही.
माझा रुबीतला प्रोग्राम सदतीस ओळींचा.
पहाटे साडेचारला फाइल वाचतो,
सलग मजकुराचा हॅश करतो,
यादी छापतो.
दारावर चिकटवते मी.

एकाहत्तर नंबरचे कुवातानी किसाबुरो
मंगळवारी गेले.
रात्री ऑफिसात थांबले,
त्यांच्या कंसापर्यंत पोचले,
'चालू'पुढचं ट्रू काढून फॉल्स ठेवलं.
पडद्याला विचारलं. पडदा म्हणाला, फॉल्स.
दिवा मालवला, सायकल काढली.

बदललं होतं ते मेमरीत.
फाइलला कुणी कळवलंच नव्हतं.
लिहायची ओळ मी घातली नव्हती,
आणि प्रोग्राम संपला की त्याला ठाऊक असलेलं सगळं
ओला बोळा फिरवलेल्या पाटीसारखं.

पहाटेच्या यादीत एकाहत्तर, दोन क्रेट.
न वाचता चिकटवली.
कुणी काही बोललं नाही.
संध्याकाळी पावत्या जुळवताना
एकाहत्तरपुढे दोन क्रेट जमा.
काट्यावरच्या मोरिवाकीला विचारलं.
यादीत होतं ना, म्हणाला.
मग रबरी मोजे ओढून काढत, माझ्याकडे न बघता,
सगळ्यांनी मूठ मूठ टाकली.
पैसे फुजिएबाईंना मिळतील ना?

मिळतील, म्हटलं.
खातं त्याच कंसात आहे.

त्या रात्री लिहायची ओळ घातली
आणि चावी चुकले.
फाइलमधून आलेली चावी अवतरणचिन्हातली, स्ट्रिंग.
मी दिली कोलनवाली, सिम्बॉल.
माझ्या तोंडी एकच शब्द, रुबीच्या लेखी दोन.
जुन्याला धक्का न लावता
तिने नव्याला त्याच घरात जागा दिली.
फाइल उघडली तर
वर चालू, ट्रू.
चार ओळी खाली चालू, फॉल्स.
ना एरर, ना कुरकुर.
पुन्हा वाचताना शेवटचं खरं धरतात,
म्हणजे यादीचं भागलं असतं.

पण दुपारीच फुजिएबाई येऊन गेल्या होत्या,
दाखल्याची प्रत, रुमालात गुंडाळलेला शिक्का.
"ते फार लवकर निघतात," म्हणाल्या,
आणि शिक्का उमटवता उमटवता,
"निघायचे."
दोन्ही ओळी तशाच ठेवल्या त्यांनी.

मी जुनी प्रत परत आणली.
महिनाअखेरपर्यंत एकाहत्तर यादीत राहू दिला.
नियमात बसत नाही.
प्रोग्रामात असला काही इफ नाही,
मी घालणारही नाही.
अकरा पहाटा धुक्यात दांडे हलले,
अकरा संध्याकाळी दोन क्रेट,
एकदा तर मूठभर जास्तच. मोरिवाकीने काटा पाहिला
आणि दोनच लिहिले.

तीस तारखेला वाचलं, बदललं, लिहिलं.
बंद करून उघडलं. टिकलं होतं.
मग सवयीने आकार पाहिला फाइलचा.
इंग्रजीत ट्रूला चार अक्षरं लागतात,
फॉल्सला पाच.
कुवातानी गेले
आणि फाइल
एका बाइटने वाढली.